गावाचा संघ आणि एकाचा हात: ग्रीन बे पॅकर्सच्या तेरा विजेतेपदांचं प्रकरण

२४ नोव्हेंबर १९४९. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे शहरात त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलचा एक सामना झाला, पण त्यात प्रतिस्पर्धी संघच नव्हता. ग्रीन बे पॅकर्सने आपलेच खेळाडू दोन तुकड्यांत वाटले आणि ते एकमेकांशी खेळले. निवृत्त झालेले जुने नामवंतही मैदानावर आले. लोकांनी तिकिटं काढली ती खेळ पाहण्यापेक्षा संघ बुडू नये म्हणून. सुमारे ५०,००० डॉलर जमले आणि तो हंगाम कसाबसा पार पडला.

याच संघाच्या नावावर तेव्हा राष्ट्रीय लीगची सहा विजेतेपदं होती. आज तेरा आहेत, आणि एवढी दुसऱ्या कुठल्याच संघाकडे नाहीत. शिकागो बेअर्स ९ वर आहेत, न्यूयॉर्क जायंट्स ८ वर. ग्रीन बेची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १,०७,३९५ होती. म्हणजे एखाद्या मध्यम तालुक्याएवढ्या वस्तीने न्यूयॉर्क आणि शिकागोला मागे टाकलं आहे.

या यशाचं श्रेय बहुतेक वेळा संघाच्या मालकीला दिलं जातं. पॅकर्स कुणा अब्जाधीशाचे नाहीत, लाखो सामान्य भागधारकांचे आहेत. लोकांचा संघ म्हणून लोकांनी जिंकवला, अशी ती गोष्ट. मला ती गोष्ट अर्धी वाटते. विजेतेपदांची वर्षं आणि त्या-त्या वर्षी संघाचा कारभार कुणाच्या हातात होता, हे शेजारी शेजारी मांडून पाहिलं की निराळंच चित्र दिसतं.

पाचशे डॉलर आणि जर्सीवरचं नाव

ऑगस्ट १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून या दोघांनी स्थानिक वृत्तपत्राच्या, ग्रीन बे प्रेस-गॅझेटच्या, कचेरीत मुलं जमवून संघ काढला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. कंपनीने कपड्यांसाठी आणि साहित्यासाठी ५०० डॉलर दिले, म्हणून संघ 'पॅकर्स' झाला. कंपनी लवकरच दुसऱ्याच्या हातात गेली आणि पुढे संपली. नाव तेवढं टिकलं.

१९२१ मध्ये संघ व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला. पुढच्याच वर्षी या लीगने नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे आजची एनएफएल, हे नाव घेतलं. पहिल्या हंगामातच पॅकर्सने शिकत असलेल्या कॉलेज खेळाडूंना खोट्या नावांनी खेळवलं. ते उघडकीस आलं आणि लीगने संघाचा परवाना काढून घेतला. लॅम्बोने १९२२ मध्ये पैसे भरून तो स्वतः परत मिळवला. त्याही वर्षी तोटाच झाला. तेव्हा प्रेस-गॅझेटचे व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल पुढे आले आणि त्यांनी गावातल्या व्यापाऱ्यांना जमवलं. १९२३ मध्ये संघ ना-नफा महामंडळ झाला. ५ डॉलरचा एक, असे १,००० भाग विकले गेले आणि भाग घेणाऱ्याला हंगामाची तिकिटंही घ्यावी लागली.

सहकारी साखर कारखान्याचा नाहीतर पतसंस्थेचा भाग घरात असलेल्या मराठी माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. भागधारक, संचालक मंडळ, वार्षिक सभा, सगळं आहे. पण दोन फरक फार मोठे आहेत. इथे लाभांश कधीच मिळत नाही, आणि भाग बाजारात विकता येत नाही, फार तर घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो. शिवाय मत माणशी एक नसून भागागणिक असतं. म्हणून हा भाग म्हणजे गुंतवणूक नव्हे. देवळाच्या जीर्णोद्धाराला पावती फाडावी, तसं ते आहे.

तेव्हाच्या लीगमध्ये अशी लहान गावं बरीच होती. कँटन, रॉक आयलंड, पॉट्सव्हिल, पोर्ट्समथ. कँटनने तर १९२२ आणि १९२३ ची विजेतेपदं मिळवली होती. विसाचं दशक संपता संपता यातली बहुतेक नावं लीगमधून गेली. पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्ये डेट्रॉइटला विकला गेला. ग्रीन बे तेवढं उरलं. उरलं कसं, हा या प्रकरणातला पहिला प्रश्न. जिंकलं कसं, हा दुसरा. लोक या दोन्हींचं उत्तर एकच समजतात, तिथेच गफलत होते.

टक्केवारीने दिलेली आणि टक्केवारीनेच नेलेली

जिंकण्याची सुरुवात १९२९ ला झाली. त्या वर्षी लॅम्बोने तीन माणसं आणली: न्यूयॉर्क जायंट्सकडून कॅल हबर्ड, न्यूयॉर्कच्याच एका बंद पडलेल्या संघाचा माइक मिकाल्स्की आणि पॉट्सव्हिलचा जॉनी 'ब्लड' मॅक्नॅली. तेव्हा नवोदितांची ड्राफ्ट पद्धत, म्हणजे कॉलेजातून येणारे खेळाडू संघांनी फेऱ्यांमध्ये पाळीपाळीने निवडायचे, ही नव्हती, पगारावर मर्यादा नव्हती. ज्याला माणूस पारखता येई आणि पटवता येई, त्याचा तो खेळाडू. लॅम्बो प्रशिक्षक होता, खेळाडू होता आणि संघ उभा करणाराही तोच. कुणाला विचारायला थांबावं लागत नव्हतं. १९२९ मध्ये पॅकर्सने १३ सामन्यांत १२ जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि पूर्ण हंगामात विरोधकांना फक्त २२ गुण दिले.

अंतिम सामना ही गोष्टच तेव्हा नव्हती. हंगामाअखेर विजयाची टक्केवारी ज्याची जास्त तो विजेता, आणि बरोबरीचे सामने हिशेबातून वगळायचे, असा नियम होता. या नियमाने पॅकर्सचं एकदा भलं केलं आणि एकदा नुकसान. हे गणित पाहण्यासारखं आहे.

१९३० मध्ये पॅकर्सचे १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी. बरोबरी वगळून १३ पैकी १०, म्हणजे ०.७६९. जायंट्सचे १३ विजय, ४ पराभव, म्हणजे ०.७६५. चार हजारांशांच्या फरकाने विजेतेपद ग्रीन बेला गेलं. १९७२ पासून लीगमध्ये बरोबरी म्हणजे अर्धा विजय धरतात. त्या हिशेबाने पॅकर्स ०.७५० वर येतात आणि १९३० चं विजेतेपद न्यूयॉर्कचं होतं.

आता १९३२ पाहा. पॅकर्सची कामगिरी अगदी तीच: १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी. पण बेअर्स ६ विजय, १ पराभव आणि ६ बरोबरी करून बसले होते, तर पोर्ट्समथ ६ विजय, १ पराभव आणि ४ बरोबरी. बरोबऱ्या वगळल्या की दोघेही ७ पैकी ६, म्हणजे ०.८५७. दहा सामने जिंकलेला संघ सहा जिंकलेल्या दोघांच्या मागे पडला. त्या दोघांत निर्णायक सामना झाला तो शिकागोत, हवामानामुळे छताखाली, आणि बेअर्सनी तो ९-० जिंकला. आजच्या हिशेबाने त्या वर्षी पॅकर्स सगळ्यांच्या वर असते. त्या एका सामन्याला लोकांनी एवढा प्रतिसाद दिला, की १९३३ पासून लीगचे दोन विभाग पाडून दर वर्षी अंतिम सामना खेळवायचं ठरलं.

मधल्या १९३१ च्या विजेतेपदावरही कुरबूर झाली. पॅकर्सचे १२ विजय, २ पराभव आणि पोर्ट्समथचे ११ विजय, ३ पराभव असताना दोघांत आणखी एक सामना खेळायचं अर्धवट ठरलं होतं. पॅकर्स हरले असते तर दोघे बरोबरीला आले असते. पॅकर्सने नकार दिला, आणि तो सामना अधिकृत वेळापत्रकात नसल्याने लीगचे अध्यक्ष जो कार यांनी सक्ती केली नाही. पोर्ट्समथला हे लागलं असेल तर त्यात त्यांची चूक नाही. तरीही सलग तीन वर्षं विजेता होणारा हा लीगच्या इतिहासातला पहिला संघ. पुढे तीन सलग विजेतेपदं आणखी एकदाच मिळवली गेली, तीही याच संघाने.

जिंकत असताना दिवाळं

मैदानावर असं चाललं होतं तेव्हा १९३१ मध्ये एक प्रेक्षक लाकडी पायऱ्यांवरून खाली पडला. त्याने दावा लावला, न्यायालयाने सुमारे ५,००० डॉलर भरपाई द्यायला सांगितलं, आणि तोवर विमा कंपनीच बुडाली होती. मंदीचे दिवस. तीन वेळा विजेता झालेला संघ न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. १९३५ मध्ये गावाने पुन्हा भाग घेतले, १५,००० डॉलर उभे राहिले आणि आजची ग्रीन बे पॅकर्स ही कंपनी नव्याने नोंदली गेली.

त्याच वर्षी अलाबामाहून डॉन हटसन आला. त्याने ब्रुकलिनच्या संघाशीही करार केला होता. ज्या पाकिटावर टपालाचा शिक्का आधीचा, त्याचा खेळाडू, असा निवाडा लीगने दिल्याची हकीकत सांगतात. धावता धावता दिशा बदलून पास झेलण्याचं जे शास्त्र आज प्रत्येक संघ शिकवतो, त्यातलं बरंचसं हटसनने घडवलं. गोलरेषेपार झेललेल्या किंवा नेलेल्या चेंडूला टचडाउन म्हणतात; पास झेलून त्याने केलेले ९९ टचडाउन हा विक्रम १९८९ पर्यंत अबाधित होता. त्याच्या काळात पॅकर्स तीनदा जिंकले. १९३६ मध्ये बोस्टन रेडस्किन्सना २१-६ ने हरवलं. बोस्टनमध्ये प्रेक्षक येत नाहीत म्हणून रागावलेल्या मालकाने तो अंतिम सामना घरच्या मैदानाऐवजी न्यूयॉर्कला नेला होता, आणि पुढच्या वर्षी संघच वॉशिंग्टनला हलवला. १९३९ मध्ये मिलवॉकीजवळ जायंट्सवर २७-०, १९४४ मध्ये पुन्हा जायंट्सवरच १४-७. हटसन १९४५ नंतर निवृत्त झाला आणि पुढचं विजेतेपद यायला १९६१ उजाडलं.

या उतरणीत लॅम्बोचा वाटा मोठा आहे, आणि इथे मला त्याची बाजू घेता येत नाही. १९४६ मध्ये त्याने शहराबाहेर रॉकवूड लॉज नावाची वास्तू संघासाठी विकत घेतली आणि सरावाचा मुक्काम तिकडे नेला. जमिनीखाली खडक असल्याने मैदान टणक होतं. सराव रोज गावात डोळ्यांसमोर पाहायची सवय असलेल्या लोकांना संघ आपल्यापासून दूर नेल्यासारखं वाटलं. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली, खेळाडूंचे पगार भडकले. १९४९ मध्ये संघ १२ पैकी १० सामने हरला. पहिल्याच सामन्यानंतर लॅम्बोने प्रशिक्षणाचं काम सहाय्यकांवर सोपवलं होतं. सुरुवातीला सांगितलेला थँक्सगिव्हिंगचा सामना याच हंगामातला.

त्या सुमारास लॅम्बोने संचालकांपुढे प्रस्ताव ठेवला: संघ नफ्यासाठी चालणारी खासगी कंपनी करावा, पैसे घालणारी माणसं मी आणतो. तीस वर्षं संघ वाढवलेला माणूस हे सांगत होता आणि तिजोरी रिकामी होती. संचालकांनी नाही म्हटलं. माझ्या मते तेरा विजेतेपदांच्या या इतिहासात एवढा मोठा निर्णय दुसरा नाही, आणि त्या दिवशी मैदानावर काहीच घडलं नव्हतं. जानेवारी १९५० मध्ये रॉकवूड लॉज आगीत जळून गेलं, विम्याचे पैसे आले, आणि आठवड्याभरात लॅम्बो राजीनामा देऊन शिकागो कार्डिनल्सकडे गेला. गावाने २५ डॉलरला एक भाग घेऊन एक लाखाहून अधिक डॉलर उभे केले.

मालक एक असता तर काय झालं असतं, याचं उदाहरण शेजारीच होतं. क्लीव्हलँड रॅम्स १९४५ चे विजेते ठरले आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी मालकाने संघ लॉस एंजेलिसला नेला. विजेतेपदाने संघ गावात राहतोच असं नाही.

जमवलं एकाने, जिंकलं दुसऱ्याने

पन्नासच्या दशकात पॅकर्सचा कारभार मंडळाच्या हातात होता, आणि खेळाचे निर्णयही समितीत होत. एकही हंगाम धड गेला नाही. १९५८ मध्ये १२ पैकी एक विजय, एक बरोबरी, दहा पराभव. पण त्याच वर्षांत जॅक व्हेनिसी नावाचा तरुण देशभर कॉलेज खेळाडू हेरत फिरत होता. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये फॉरेस्ट ग्रेग आणि थेट सतराव्या फेरीत क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवून पास टाकणारा, बार्ट स्टार, १९५७ मध्ये पॉल हॉर्नंग, १९५८ मध्ये जिम टेलर, रे निचके आणि जेरी क्रेमर. पुढच्या पाच विजेतेपदांचा कणा सर्वांत वाईट हंगामांत जमवला गेला होता. व्हेनिसी नोव्हेंबर १९६० मध्ये, अवघ्या ३३ व्या वर्षी वारला. त्याने निवडलेल्या माणसांनी जिंकलेलं एकही विजेतेपद त्याला पाहता आलं नाही. स्टारचं, हॉर्नंगचं नाव घेताना मला याची आठवण केल्याशिवाय राहवत नाही.

१९५९ च्या सुरुवातीला जायंट्सचा सहाय्यक प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी आला. त्याने प्रशिक्षकपद आणि जनरल मॅनेजरपद, म्हणजे खेळाडू निवडण्याचे अधिकार, दोन्ही मागितली, आणि कार्यकारी समितीने खेळाच्या बाबतीत लुडबुड करायची नाही हे आधीच स्पष्ट करून घेतलं. समितीने ते मानलं. पहिल्याच वर्षी ७ विजय, ५ पराभव. दुसऱ्या वर्षी संघ अंतिम सामन्यात. फिलाडेल्फियात ईगल्सविरुद्ध १७-१३ अशी पिछाडी असताना जिम टेलर गोलरेषेपासून नऊ-दहा यार्डांवर अडवला गेला, ईगल्सचा चक बेडनारिक त्याच्या अंगावरून उठला नाही आणि वेळ संपली. बादफेरीचे दहा सामने लोम्बार्डीच्या संघाने खेळले. त्यात हरला तो हा एकच.

मग ३१ डिसेंबर १९६१. अंतिम सामना पहिल्यांदाच ग्रीन बे शहरात. जायंट्सचा ३७-० असा पराभव. हॉर्नंग लष्करी सेवेत होता, रजेवर येऊन खेळला आणि त्याने एकट्याने १९ गुण मिळवले. १९६२ मध्ये नियमित हंगामात १४ पैकी १३ विजय आणि न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये १६-७.

इथे गावाबाहेरच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर हिशेब चुकेल. १९५६ मध्ये नव्या स्टेडियमसाठी ९,६०,००० डॉलरचे रोखे काढायचे की नाही यावर गावात मतदान झालं. जुनं मैदान लहान होतं, बाहेरचे संघ तिथे यायला नाखूश होते, आणि मिलवॉकीत नवं स्टेडियम तयार असल्याने संघ तिकडे जाईल अशी भीती होती. बेअर्सचा मालक जॉर्ज हॅलस, पॅकर्सचा सगळ्यात जुना वैरी, ग्रीन बेला येऊन सभेत मतदानाच्या बाजूने बोलला. मतदान दोनास एकहून मोठ्या फरकाने मंजूर झालं. दुसरी गोष्ट १९६१ ची. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सर्व संघांचे टेलिव्हिजन हक्क एकत्र विकायचे आणि पैसे सारखे वाटायचे हे मालकांच्या गळी उतरवलं, आणि त्यासाठी लागणारा कायदा सप्टेंबर १९६१ मध्ये झाला. न्यूयॉर्कच्या जायंट्सना स्वतंत्रपणे कितीतरी जास्त पैसे मिळाले असते. त्यांचा मालक वेलिंग्टन मारा तरीही हो म्हणाला. या वाटणीशिवाय ग्रीन बे साठच्या दशकानंतर लीगमध्ये टिकलं असतं असं मला वाटत नाही. गावाच्या भागभांडवलाने संघ तगला हे खरंच, पण न्यूयॉर्क आणि शिकागोच्या या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या समजूतदारपणानेही तगला.

१९६५, १९६६ आणि १९६७ ही सलग तीन विजेतेपदांची दुसरी मालिका. २ जानेवारी १९६६ ला चिखलात क्लीव्हलँड ब्राउन्सवर २३-१२. महान धावपटू जिम ब्राउनचा तो लीगमधला शेवटचा सामना ठरला. १ जानेवारी १९६७ ला डॅलसवर ३४-२७ आणि दोन आठवड्यांनी लॉस एंजेलिसला कॅन्सस सिटी चीफ्सवर ३५-१०. चीफ्स प्रतिस्पर्धी लीगचे विजेते होते; दोन लीगच्या विजेत्यांमधला हा पहिला सामना आज पहिला सुपर बोल म्हणून ओळखला जातो. स्टेडियम भरलं नव्हतं. त्या हंगामात फारसा मैदानात न उतरलेल्या मॅक्स मॅगीने जखमी सहकाऱ्याच्या जागी येऊन ७ पास झेलले, १३८ यार्ड आणि दोन टचडाउन.

त्यानंतर ३१ डिसेंबर १९६७. तोवर स्टेडियमला लॅम्बो फील्ड हे नाव मिळालं होतं. तापमान उणे २५ सेल्सिअस. जमिनीखाली बसवलेली उष्णतेची यंत्रणा बंद पडली आणि मैदानावर बर्फाचा थर धरला. पंचांच्या शिट्ट्या थंडीने निकामी झाल्या, म्हणून ते ओरडून इशारे देत होते. डॅलस १७-१४ ने पुढे. चार मिनिटं पन्नास सेकंद उरलेली असताना पॅकर्सने ६८ यार्ड दूरून चढाई सुरू केली. १६ सेकंद उरले तेव्हा चेंडू गोलरेषेपासून हातभर अंतरावर होता आणि शेवटचा टाइमआउट वापरून झाला होता. तीन गुणांचा फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारणं) मारून बरोबरी साधता आली असती. ढकलत जायचं ठरवलं आणि अडकले, तर वेळ संपणार. स्टार आणि लोम्बार्डी बाजूरेषेवर थोडंसं बोलले. स्टारने चेंडू कुणालाच दिला नाही. क्रेमरने समोरच्याला उचकटलं आणि त्या फटीतून स्टार आत पडला. २१-१७. ही निवड समितीत घेता आली नसती. दोन आठवड्यांनी मायामीत ओकलंड रेडर्सवर ३३-१४, आणि लोम्बार्डीने प्रशिक्षकपद सोडलं. १९७० मध्ये तो कर्करोगाने गेला. सुपर बोलचा चषक आज त्याच्या नावाने ओळखला जातो.

चोवीस वर्षं

१९६८ ते १९९१ या चोवीस हंगामांत पॅकर्स फक्त दोनदा बादफेरीत पोहोचले, १९७२ आणि १९८२ मध्ये. एका हाती कारभार दिला की विजेतेपद मिळतं, असं सरळ समीकरण मांडणाऱ्याने हा काळ नीट बघावा. डॅन डिव्हाइन हा प्रशिक्षकही होता आणि जनरल मॅनेजरही. १९७४ मध्ये त्याने ३४ वर्षांचा क्वार्टरबॅक जॉन हॅडल याच्यासाठी लॉस एंजेलिस रॅम्सना ड्राफ्टच्या पाच निवडी देऊन टाकल्या. त्यात दोन पहिल्या फेरीच्या होत्या आणि दोन दुसऱ्या फेरीच्या. हॅडल दोन हंगामही धड टिकला नाही, डिव्हाइन तर त्याच वर्षी निघून गेला. मागे राहिलेल्या रिकाम्या घरात बार्ट स्टारला बसवलं गेलं. नऊ वर्षं तो प्रशिक्षक होता. त्याच्यानंतर ग्रेग. लोम्बार्डीचे शिष्य म्हणून त्यांना आणलं, पण शिष्यत्व आणि प्रशिक्षण या निराळ्या गोष्टी आहेत, आणि मंडळाला हे कळायला तेरा वर्षं लागली. या दोघांबद्दल राग नाही. त्यांना त्या खुर्चीवर बसवणाऱ्यांबद्दल आहे.

अधिकार एकाकडे दिल्याने जिंकण्याची शक्यता येते, तशी मोठी माती खाण्याचीही. लॅम्बोचा रॉकवूड लॉज आणि डिव्हाइनचा हॅडल एकाच जातीचे. अशा चुकीनंतर खासगी मालक संघ विकतो किंवा दुसऱ्या शहरात नेतो. बाल्टिमोर कोल्ट्स १९८४ मध्ये रातोरात इंडियानापोलिसला गेले. ग्रीन बेमध्ये विकायला कुणी मालकच नव्हता. हरणाऱ्या संघाचीही तिकिटं खपत राहिली.

१९८९ मध्ये बॉब हार्लन अध्यक्ष झाले. नोव्हेंबर १९९१ मध्ये, हंगाम चालू असतानाच, त्यांनी रॉन वुल्फला जनरल मॅनेजर नेमलं आणि खेळाचे सर्व अधिकार लेखी दिल्यासारखे त्याच्या हवाली केले. वुल्फने माइक होल्मग्रेनला प्रशिक्षक नेमलं, आणि अटलांटाने बाजूला बसवलेल्या क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्हसाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. फार्व्हने तोवर लीगमध्ये चार पास टाकले होते. आपल्या माणसाच्या हातात एकही पोहोचला नव्हता, दोन विरोधकांनी पळवले होते. समितीत हा व्यवहार मंजूर झाला असता का? १९९३ मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर हवा तो संघ निवडायची मोकळीक मिळाली, आणि ज्याच्या नावाने त्या मोकळीकीसाठीचा खटला चालला होता, तो रेजी व्हाइट चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बेला आला. मोठी शहरं सोडून तो तिथे गेला यावर लोकांचा विश्वास बसेना.

१९९६ चा संघ लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा आणि सर्वांत कमी गुण देणारा होता. २६ जानेवारी १९९७ ला न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सवर ३५-२१. डेझमंड हॉवर्डने ९९ यार्ड पळत चेंडू परत आणला, व्हाइटने क्वार्टरबॅकला तीनदा पाडलं. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरकडून ३१-२४ ने हार पत्करावी लागली.

तेरावं

२००५ च्या ड्राफ्टमध्ये चोविसाव्या क्रमांकापर्यंत कुणी न घेतलेला क्वार्टरबॅक आरॉन रॉजर्स पॅकर्सने घेतला आणि तीन वर्षं फार्व्हच्या मागे बसवला. २००८ मध्ये फार्व्हने निवृत्ती जाहीर केली, उन्हाळ्यात ती मागे घेतली. जनरल मॅनेजर टेड थॉम्पसनने त्याला परत न घेता न्यूयॉर्क जेट्सकडे धाडलं. राज्यभर संताप झाला, आणि त्या हंगामात संघ १६ पैकी १० सामने हरला. भागधारकांची मतं घेतली असती, तर थॉम्पसन घरी गेला असता. ना मतं घेतली गेली, ना तो गेला. दोन वर्षांनी संघ आपल्या विभागातून सहावा, म्हणजे शेवटचा, पात्र ठरला, तीन सामने बाहेरच्या मैदानांवर जिंकला, त्यातला शेवटचा शिकागोत बेअर्सविरुद्ध २१-१४. ६ फेब्रुवारी २०११ ला टेक्सासमधल्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सवर ३१-२५. रॉजर्सचे ३०४ यार्ड, तीन टचडाउन.

मोजणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तेरापैकी सुपर बोल चारच आहेत. पेट्रियट्स आणि स्टीलर्सकडे प्रत्येकी सहा. केवळ सुपर बोल मोजणारे पॅकर्सना पहिल्या ओळीत बसवत नाहीत. पण १९६६ पूर्वीची नऊ वर्षं रद्द केली, तर हबर्ड, हटसन, टेलर खेळले ती लीग कुठली होती, हे त्यांना सांगावं लागेल. अंतिम सामना नसलेल्या काळातली पहिली तीन वर्षं निराळी धरा, हे मला पटतं. बाकी दहा मैदानावर, समोरासमोर जिंकलेली आहेत.

भागांची विक्री पुढेही झाली: १९९७-९८ मध्ये २०० डॉलरला एक, २०११-१२ मध्ये २५०, २०२१-२२ मध्ये ३००. भागधारक आता पाच लाखांहून जास्त आहेत. लीगच्या नियमांनुसार असा संघ नव्याने काढता येत नाही, जुना म्हणून पॅकर्सना सूट आहे. स्टेडियमच्या मोठ्या दुरुस्तीसाठी मात्र २००० मध्ये ब्राउन काउंटीच्या, म्हणजे ग्रीन बे ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या, मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला. भाग न घेतलेल्या माणसानेही दुकानात तो भरला आहे.

२०१८ च्या सुरुवातीला अध्यक्ष मार्क मर्फी यांनी वुल्फपासून चालत आलेली घडी मोडली. जनरल मॅनेजर, प्रशिक्षक आणि करारांचा हिशेब सांभाळणारा, तिघांनी थेट अध्यक्षांना उत्तर द्यायचं. त्यानंतर २०१९, २०२० आणि २०२१ या तीन लागोपाठच्या हंगामांत संघाने प्रत्येकी १३ सामने जिंकले. पहिल्या दोन वर्षी सुपर बोलच्या उंबरठ्यावर सॅन फ्रान्सिस्को आणि टँपा बेकडून हरला, तिसऱ्या वर्षी घरच्या मैदानावर पहिल्याच सामन्यात बाद झाला. एवढे सामने जिंकणाऱ्या संघाबद्दल कारभार चुकला असं म्हणणं अवघड आहे. तरीही अडीचशे-तीनशे डॉलर देऊन घेतलेल्या भागाचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेल्या लाखो घरांना चौदाव्याची वाट पाहायला लागून दशक उलटून गेलं आहे.